हद्दीपार सोडलेला कोंबडा

परशुरामाला सगळे डॉक्टर म्हणत आणि तो कधी कुणाची ही चूक दुरुस्त करत नसे. खरं तर तो पशुधन पर्यवेक्षक. खरे डॉक्टर तालुक्याला बसायचे. याच्या वाट्याला बाजाराच्या गावातला दोन खोल्यांचा दवाखाना, एक सायकल, एक थर्मास आणि आजूबाजूची नऊ गावं. लस थंड ठेवायला सरकारी बर्फ काही वेळेवर यायचा नाही, म्हणून मिठबावहून मासळी घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याकडून तो दोन मुठी बर्फ मागून घेई. त्यामुळे थर्मासाला कायम बांगड्याचा वास, आणि सायकल जिथे टेकवावी तिथे दोन मांजरं हजर. लोक हसायचे. पण कामाला माणूस चोख, हे हसणारेसुद्धा मानत.

कोंबड्यांच्या पंखाखाली सुई टोचताना हातासारखं त्याचं तोंडही चालू असे. मानमोडी हा विषाणूचा रोग, तो डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचं पहिलं वाक्य. कोंबडी आज बरी दिसते, दाणे टिपते, आणि तरी तिच्या शिटेतून, चोचीतल्या पाण्यातून रोग बाहेर पडत असतो. पाचसहा दिवसांनी ती मान वाकडी करते, तोवर शेजारची चार खुराडी लागलेली असतात. म्हणून रोगाच्या गावातला पक्षी दुसऱ्या गावात नेऊ नये, आणि मेलेला खोल पुरून वर चुना टाकावा. गेल्या वर्षी शाळेत गोवर आला तेव्हा आजारी पोराला बघायला कडेवर पोरं घेऊन निघालेल्या बायांनाही त्याने असंच वाटेत अडवलं होतं. माणसाचा असो की कोंबडीचा, असला रोग आपण होऊन कुठे जात नाही, आपणच त्याला उचलून नेतो, असं तो म्हणायचा आणि म्हणून झाल्यावर स्वतःवर जरा खूष व्हायचा.

त्याची लस पोचली नव्हती ती दोन गावांत. एक त्याचंच पिंपळखोल. तिथे तो डॉक्टर नव्हता, आबांचा परशा होता, आणि आबांच्या परशाकडून कोण सुया टोचून घेणार? दुसरी व्हाळापलीकडची, म्हणजे मधला ओढा ओलांडला की लागणारी हरणवाडी. तिथे मात्र त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. तिथे त्याची धाकटी बहीण शेवंती राहायची आणि भेटेल तेव्हा म्हणायची, "दादा, माझ्या कोंब्यांका टोचून जा रे." हा म्हणायचा, "येतंय गो." बहिणीचं घर हाकेच्या अंतरावर. कधीही जाता येईल, म्हणून जाणं कधी झालंच नाही. हरणवाडीची लस तिच्या अंगणापासून सुरू करायचं ठरलं होतं. शिमगा गेला, पाडवा गेला, लस काही टोचली गेली नाही.

शेवंतीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. ती कोंबड्यांवर उभी राहिली होती. तिची रीत अशी की खुडूक कोंबडी अंड्यांसकट एखाद्या घरी नेऊन द्यायची. पिल्लं निघून मोठी झाली की निम्मी त्या घराची, निम्मी हिची. असं करता करता तिची कोंबडी नाही असं घर हरणवाडीत उरलं नव्हतं. एकट्या बाईला, त्यातून विधवेला, कार्याच्या घरी मागच्या दारी बसवतात. शेवंतीला पुढच्या पडवीत पाट मिळे. कोंबड्यांनी तिला कमाई दिली त्याहून हे मोठं दिलं होतं, आणि ती ते फार जपायची.

शहाऐंशी सालच्या चैत्रात पिंपळखोलात रोग आला. आधी गुरवाच्या परसात दोन कोंबड्या झापड येऊन बसल्या, मग हिरवट पांढरं हगल्या, मग माना पिळवटून पडल्या. आठ दिवसांत अर्ध्या गावातली खुराडी रिकामी झाली. परशुराम घरोघर फिरला, चुना टाका, उरलेल्या कोंबड्या कोंडून ठेवा म्हणाला. लोकांनी मान डोलावली आणि ते देवळात जमले.

पिंपळखोलची जुनी वहिवाट होती. गावात रोग शिरला की तो हद्दीपार करायचा. रोग लागलेल्या घरातलाच एक जिवंत कोंबडा घ्यायचा, देवळात त्याच्या डोक्याला कुंकू लावून, गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या घाड्याने गाऱ्हाणं घालायचं, आणि मग मानकऱ्याने तो नेऊन व्हाळापलीकडे सोडायचा. सोडला की मागे वळून बघायचं नाही. हा मान परशुरामाच्या घराचा. त्याचे वडील, आबा, होते तोवर तो त्यांनी चालवला. आबा गेल्यावर पहिल्यांदाच पाळी आली होती, आणि देवळाच्या खांबाला टेकून चुलतभाऊ भिकाजी बसला होता. मान आमचाच, तुम्ही दोन पिढ्या दडपलात, हे भिकाजीच्या घराचं जुनं रडगाणं.

परशुराम उठला. म्हणाला, "घाडीनू, ह्या बरोबर नाय. जितो कोंबो थय सोडलो तर रोग थय जातलो."

बाबू घाडी म्हातारा माणूस. शांतपणे म्हणाला, "जावकच होयो मां. तेच्यासाठीच तर सोडतत."

कुणीतरी हसलं. भिकाजी खांब सोडून पुढे सरकला. "डाक्टराक जमणा नसात तर मी नेतंय. एकदा नेलंय की मगे कायमचो मीच नेतलंय, इतक्या फक्त सगळ्यांनी आयकून ठेवा."

सगळे परशुरामाकडे बघू लागले. नऊ गावांत शिकवलेलं सगळं त्या क्षणी त्याच्या जिभेवर होतं, आणि त्याच्या आड आबांचा चेहरा होता. तो म्हणाला, "मी नेतंय."

मनाशी त्याने लगेच तोडगाही काढला होता. व्हाळापलीकडे काजूची गर्द झाडी. तिथे शिरायचं, कोंबड्याची मान मुरगळायची, खड्ड्यात टाकायचा, चुना घालायचा आणि परत यायचं. मानही राहील आणि हरणवाडीही वाचेल. चुन्याची पुडी त्याने सदऱ्याच्या खिशात घातलीसुद्धा. आपण किती हुशार आहोत असंही त्याला जाताना वाटून गेलं.

उन्हं कलल्यावर मिरवणूक निघाली. गाऱ्हाणं झालं, त्यावर सगळ्यांचं "व्हय म्हाराजा" झालं, आणि कोंबडा त्याच्या हातात आला. तांबडा, भरल्या अंगाचा, डोळे स्वच्छ. दिसायला अगदी निरोगी, आणि असं निरोगी दिसणं म्हणजे काय हे सगळ्या माणसांत त्याला एकट्यालाच ठाऊक. व्हाळाशी सगळे थांबले. तो एकटा पाण्यातून पलीकडे गेला, झाडीच्या तोंडाशी आला आणि सहज मान वळली. भिकाजी अलीकडच्या काठावरच्या उंच खडकावर चढून उभा होता. झाडीच्या तोंडाशी काय होतंय ते त्याला तिथून लख्ख दिसत होतं.

"सोड मां," भिकाजी ओरडला. "सोडलोस काय बघूक होया."

परशुरामाचा हात कोंबड्याच्या मानेवर होता. जरासा पीळ दिला असता तर काम होत होतं. भिकाजीने बोंब ठोकली असती, मान गेला असता, वर्षभर गावात टोमणे ऐकायला लागले असते. एवढंच. त्याने कोंबडा खाली ठेवला. कोंबड्याने अंग झाडलं, खाली पडलेल्या काजूच्या बोंडाला चोच मारली आणि चढ चढून तो हरणवाडीच्या दिशेने चालू लागला. परशुराम फिरला. मागे वळून बघायचं नाही हा नियम त्याला त्या दिवशी फार सोयीचा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन कोंबडा हुडकता आला असता. शेवंतीला सांगता आलं असतं की कोंबड्या आठ दिवस बाहेर सोडू नको. पण का सोडू नको, हे सांगावं लागलं असतं. मग त्याने स्वतःला समजावलं की कोंबड्याला रोग नसेलही. रात्रीत कोल्ह्याने नेलाही असेल. तिसऱ्या दिवशी लस संपली होती, चौथ्या दिवशी बर्फ मिळाला नाही. रोज सायकल काढताना तो दिवस मोजत होता आणि मोजत नाही असं दाखवत होता. कुणाला दाखवत होता, ते त्याचं त्यालाच माहीत.

आठव्या दिवशी शेवंतीची शेजारीण जानकी दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "डाक्टरानु, बेगीन चला. शेवंतीच्या कोंब्यांनी माना टाकल्यानी. आमच्यो पण बसल्यो आसत."

शेवंती अंगणात बसली होती. मांडीवर एक कोंबडी, शेजारी सुपात दोन, आणि चिमटीने ती त्यांच्या चोचीत हळदीचं पाणी सोडत होती. तिने वर बघितलं. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या.

"रडतंस कित्याक गो?" त्याने विचारलं.

"रडणय नाय. डोळ्यांत रेव गेल्यासारखी टोचता. दोन दिस झाले."

त्याला कळलं. मानमोडीच्या कोंबड्या हाताळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत कधी कधी तोच विषाणू जातो. माणसाला त्याचं एवढंच होतं, आठवड्यात आपोआप बरं होतं. पण व्हाळापलीकडे आपण जे सोडून आलो ते आता बहिणीच्या डोळ्यांत आहे, हे बघून त्याला खाली मान घालावी लागली. "पाणी उकळून, निववून तेना डोळे धू," तो म्हणाला. "कोंब्यांच्या हातान डोळे चोळू नको."

मग त्याची नजर माडाखाली पालथ्या घातलेल्या बांबूच्या डाल्याकडे गेली. डाल्याच्या फटीतून तांबडी पिसं दिसत होती. त्याने डालं उचललं. तोच कोंबडा. मान पाठीवर पिळवटून मरून पडलेला.

शेवंती कोंबडीला पाणी पाजतच म्हणाली, "डोक्यार कुंकू होता तेच्या. माका बघताच कळला."

परशुरामाने डालं परत पालथं घातलं.

"मी सात वर्षांची आसताना आबांनी असोच एक नेललो. पडवीतसून बघललंय मी. माका म्हायत नसतला काय?"

"मगे घरात कित्याक घेतलंस?"

"घेवक नसतो तर दुसऱ्या कोणी बघल्यानी असतो. पिंपळखोलचो मान कोणाच्या घरात आसा ता हरणवाडीत पोरांका पण म्हायत. तुझी बाजारची वाट हयसूनच जाता, दादा. धरून मारल्यानी असते तुका." तिने मांडीवरची कोंबडी सुपात ठेवली. "कुंकू धुवून काढलंय नि डाल्याखाली घातलंय. तू गावोगाव सांगतंस ना, नवी कोंबी येगळी डालूची. जानकीन सांगल्यान होता माका. पण हात तेच, पाण्याची वाटी तीच. ता माका कळाक नाय."

हात धुवायचे, वाटी वेगळी ठेवायची, हे सांगायलाच तर तो तिच्या अंगणात येणार होता. शिमग्याआधी. परशुरामाला तिथल्या तिथे धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नऊ गावांना अक्कल शिकवणारा हा माणूस. आणि त्याच्या बहिणीने त्याची अक्कल दुसऱ्याकडून ऐकून, मोडकीतोडकी, त्यालाच वाचवायला वापरली होती.

एवढ्यात अंगणात माणसं जमू लागली. डॉक्टर आल्याचं वाडीत कळलं होतं. वाडीचा प्रमुख, गावकर शिवा आला, त्याच्यामागून दहाबारा घरची माणसं, कुणाच्या हातात पाय बांधलेली मेलेली कोंबडी, कुणाच्या हातात आजारी. परशुरामाने आधी ती सगळी खाली ठेवायला लावली आणि एकमेकांपासून दूर उभं राहायला सांगितलं. सवयीने सांगितलं.

शिवा गावकराने विचारलं, "डाक्टरानु, रोग इलो खंयसून?"

परशुराम एकदम कचेरीच्या भाषेत शिरला. "हा विषाणूजन्य रोग आहे. तो हवेतूनही पसरू शकतो. या दिवसांत साथ असतेच." पूर्ण खोटं नव्हतं ते. म्हणूनच ते त्याच्या तोंडून इतकं सहज आलं.

"हवेन येतलो तर पयलो शेवंतीच्याच दारात कसो?" जानकी म्हणाली. बाई वाईट नव्हती, पण तिच्या पाच कोंबड्या मरणाला टेकल्या होत्या. "आठ दिसांमागे हिच्या डाल्याखाली नवो तांबडो कोंबो बघललंय मी. कोणाचो म्हणान इचारलंय तर बोलाक नाय."

सगळ्यांनी शेवंतीकडे बघितलं. तिचे लाल डोळे बघितले. ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाजारातसून हाडललंय. स्वस्त गावलो म्हणान. कोणाक सांगूक नाय. चूक माझी."

अंगणात कुजबुज झाली. ज्या बायांच्या बाळंतपणात ही अंडी घेऊन धावली होती, त्यांतल्याच एकीने आपलं पोर मागे ओढलं. शिवा गावकर कठोर माणूस नव्हता. त्याला बोलणं जड जात होतं, पण बोलला. "शेवंते, तुझी कोंबी आता वाडीत कोणी वाट्यान घेवची नाय. नि साथ सरेपर्यंत तू कोणाच्या पडवेत येव नको. बायांका भय वाटता."

"बरा," शेवंती म्हणाली.

ते "बरा" परशुरामाला सोसलं नाही. आपण कधी बोलायला लागलो हे त्यालाच कळलं नाही. "तिना हाडूक नाय," तो म्हणाला. "तो कोंबो मी सोडलंय. पिंपळखोलात रोग इलो, तो हद्दीपार करूचो मान आमचो. मी माझ्या हातान तो कोंबो व्हाळापलीकडे हाडून सोडलंय. रोग आसा ता म्हायत आसताना सोडलंय."

परशुरामाने डोळे मिटून घेतले. आता पहिला हात कुणाचा पडतो याची तो वाट बघत होता, आणि पडला तर बरं वाटेल अशी त्याची अवस्था होती.

हात पडला तो खांद्यावर. शिवा गावकराचा. "डाक्टरानु, कळता आमका," तो हळू आवाजात म्हणाला. "बहिणीसाठी जीव तुटता. पण इतक्या नको."

"गावकरानू, खरा सांगतंय."

"आता तुमीच हवेन इलो म्हणालास. घटकाभरात बदललास." शिवा समजुतीने बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसा. "तुमी शिकललो माणूस. कोंबो हयसून थय नेव नको म्हणान तुमीच आमका शिकयतास. तुमी सोडतलास? आमी काय इतके खुळे आसव?"

"भिकाजीक इचारा. बाबू घाड्याक इचारा."

"इचारूक कोण जाता? बहिणीच्या वयली बला अंगार घेवक कोणी तयार जाता काय आजकाल?" मागून एक म्हातारी पदराने डोळे टिपत म्हणाली, "भाव आसाचो तर असो." दोन बायांनी माना हलवल्या. जानकीसुद्धा विरघळली. परशुराम दिवस सांगू लागला, कुंकू सांगू लागला, भिकाजीचा खडक सांगू लागला. जितकं बारीक सांगावं तितकी ती माणसं अधिक मायेने त्याच्याकडे बघत होती. खोटं बोलला तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. आता खरं बोलत होता, तर कौतुक करत होती.

शेवटी सांगणं सोडून तो कामाला लागला. रोग न लागलेली सहा घरं निघाली. एकेका घरी साबणाने हात धुऊन, सुई उकळून, त्याने एकेक कोंबडी टोचली. लहान पिल्लांच्या डोळ्यांत लशीचे थेंब घातले. प्रत्येक घरातून त्याला गूळपाणी आलं. शिवा गावकराने सोललेला नारळ हातावर ठेवला. आजवर त्याला या वाडीत डॉक्टर म्हणून हाक मारत होते. आता माणूस म्हणून मानत होते.

पिशवी न्यायला तो शेवंतीच्या अंगणात परत आला तेव्हा तिने माडामागे खोल खड्डा खणून ठेवला होता. मेलेल्या कोंबड्या तिने एकेक करून आत ठेवल्या होत्या. त्याने त्या दिवसापासून खिशातच राहिलेली चुन्याची पुडी काढून तिच्या हातात दिली, तिने ती वर पसरली आणि माती लोटली. खुराड्यात काहीच उरलं नव्हतं.

"उद्या परत येतंय," तो म्हणाला. "परत सांगतंय सगळ्यांका. भिकाजीक घेवन येतंय. मानतत कशे नाय ता बघतंय."

शेवंतीने हात धुतले. दोनदा धुतले, त्याने मघाशी दाखवल्यासारखे बोटांच्या फटींतून. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता सांगा नको, दादा. जितक्या सांगतलंस तितको तू मोठो होतलंस."

तिने आत जाऊन कडी लावली, तेव्हा त्याने सायकल घेतली. व्हाळाच्या वाटेवरच्या गडग्यावर, दगडी बांधावर, हरणवाडीची पाचसहा माणसं बसली होती. त्याला येताना बघून ती सगळी उठून उभी राहिली.